फळ्यावरचे तीन शब्द: मिनेसोटातल्या एका मंडळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिगत अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या एका उपनगरातल्या ख्रिस्ती मंडळीची आहे: रस्त्यालगतच्या फळ्यावर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' हे तीन शब्द लावायचे का, या वादाची. २०२० साली मी तिथे वडील म्हणून, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक म्हणून, सेवा करत होतो. मंडळीचे नाव, पंथ, गाव सांगत नाही. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही बारीक तपशीलही बदलले आहेत. निर्णय मात्र जसे झाले तसे मांडले आहेत, चुकलेलेसुद्धा.

रविवारच्या उपासनेला सुमारे अडीचशे माणसे, बहुतेक गोरी. आम्ही तीन भारतीय कुटुंबे, एक कुटुंब केनियाचे, आणि गोऱ्या आईबापांनी दत्तक घेतलेली चार कृष्णवर्णीय मुले. वडीलजनांच्या सभेत नऊ जण होतो, आठ गोरे आणि अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला मी. शहराच्या उत्तर भागातल्या एका कृष्णवर्णीय मंडळीशी आमचे 'संबंध' होते, असे आम्ही म्हणायचो. वर्षातून एकदा एकत्र गाणी आणि नाताळात मुलांना भेटी, एवढाच त्याचा अर्थ होता.

आमची मंडळी गावात ओळखली जाई ती न जन्मलेल्या बाळांसाठी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला. १९८४ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्या तारखेला धरून मानवी जीवनाच्या पावित्र्याचा दिवस जाहीर केला, आणि तेव्हापासून अनेक मंडळ्या जानेवारीतला एक रविवार त्यासाठी राखून ठेवतात. आमच्याकडे त्या दिवशी अंगणातल्या बर्फात लहान पांढरे क्रूस रोवले जात. घरोघरी दुधाची एकेक रिकामी बाटली दिली जाई. ती सुट्ट्या नाण्यांनी भरून आणायची आणि पैसे अडचणीतल्या गर्भवतींना मदत करणाऱ्या केंद्राला द्यायचे. रस्त्यालगत आमचा काचेच्या दाराचा फळा आहे. त्यात एकेक अक्षर खाचेत सरकवून मजकूर लावतात. त्या आठवड्यात फळ्यावर असायचे: 'न जन्मलेल्या बाळाच्या जिवाला मोल आहे.' उणे वीस अंशांत बोटे बधिर होईस्तोवर मी स्वतः ती अक्षरे लावलेली आहेत, आणि त्या कामाची मला आजही लाज वाटत नाही.

२०२० मध्ये तो रविवार १९ जानेवारीला आला. लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणाची राष्ट्रीय सुट्टी होती. ही सुट्टी दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी येते, त्यामुळे पुष्कळदा हे दोन दिवस एकमेकांना चिकटून असतात. रविवारी जिवाच्या मोलाविषयी बोलून आम्ही सोमवारी घरी बसत होतो. इतक्या वर्षांत त्या सोमवारसाठी फळ्यावर एक अक्षर चढले नव्हते, आणि हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. माझ्याही नाही.

घटना आणि पेच

२५ मे २०२० च्या संध्याकाळी मिनियापोलिसच्या अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थांना पोलिसांनी जमिनीवर पालथे दाबून धरले. वीस डॉलरची नोट खोटी असल्याची तक्रार होती. डेरेक शॉविन या पोलिसाचा गुडघा त्यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ होता, आणि त्यातच त्यांचा जीव गेला. सतरा वर्षांच्या एका मुलीने ते फोनवर टिपले नसते तर जग त्याबद्दल बोललेही नसते. ती जागा आमच्या मंदिरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. २८ मेच्या रात्री तिसऱ्या विभागाचे पोलीस ठाणे जाळले गेले, तेव्हा आमच्या गावावरून हेलिकॉप्टरे घिरट्या घालत होती.

करोनामुळे मंदिर बंद होते. उपासना, प्रार्थनासभा सगळे झूमवर. गावाशी बोलायला फळा तेवढा उरला होता, म्हणून सगळे भांडण फळ्यावर येऊन ठेपले.

तरुण संघाने ३० मे रोजी पत्र पाठवले. फळ्यावर तीन शब्द लावा, 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर', एवढीच मागणी. त्यांनी एक ओळ जोडली होती, ती सभेत कोणालाच ओलांडून जाता आली नाही: 'आपण दर जानेवारीत बाळांविषयी फळा लावतो, तेव्हा म्हाताऱ्यांच्या जिवाला मोल नाही का, असे आपल्याला कोणी विचारत नाही.'

दुसरी बाजू खोटी किंवा दुष्ट नव्हती. मंडळीत एक पोलीस शिपाई होता. त्या आठवड्यात तो घरी आलाच नव्हता, आणि त्याची बायको दोन लहान लेकरांना घेऊन बहिणीकडे राहायला गेली होती. तिने पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) फोन करून विचारले, "फळा लावलात तर माझ्या नवऱ्याविरुद्ध लावलात असं मी समजू का?" गर्भवती-साह्य केंद्राचे काम करणाऱ्या जुन्या सभासदांना दुसरीच भीती होती. त्या नावाच्या संघटनेच्या संकेतस्थळावर तेव्हा पाश्चात्त्य पद्धतीच्या विभक्त कुटुंबाची चौकट मोडण्याची भाषा होती (पुढे सप्टेंबरात ते पान काढले गेले). ख्रिस्ती मंडळीने त्या मजकुरावर सही केल्यासारखे होईल, असे त्यांचे म्हणणे. आणखी एक वडील म्हणाले, काळ्या जिवांची एवढी पर्वा असेल तर काळ्या स्त्रियांतल्या गर्भपातांविषयी आधी बोला.

घोषणा, चळवळ आणि संघटना या तीन गोष्टींची सरमिसळ तिथेच झाली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लॉरिडातल्या सॅनफर्डमध्ये ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मारला गेला. जुलै २०१३ मध्ये गोळी घालणारा निर्दोष सुटला, तेव्हा ॲलिशिया गार्झा, पॅट्रिस कलर्स आणि ओपल टोमेटी या तिघींच्या लिहिण्यातून हे शब्द निघाले. २०१४ मध्ये मिसुरीतल्या फर्ग्युसनमध्ये मायकल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला, तेव्हा तिथल्या रस्त्यांवर ते लोकांचे झाले. संघटना हा त्यातला एक भाग. शब्द त्याआधीच आयांच्या तोंडी गेले होते. त्या आठवड्यात मात्र हे शांतपणे उलगडून सांगायची सवड कोणाला नव्हती.

'च' आणि 'ही'

इथे थोडे आडवळण घेतो, कारण मला स्वतःला हा पेच मराठीतून उलगडला.

शनिवारी आमचा मराठी प्रार्थनागट झूमवर जमतो. अहमदनगर, सोलापूर, जालना भागातली ख्रिस्ती कुटुंबे, वेगवेगळ्या राज्यांतली. त्या शनिवारी एक ज्येष्ठ भाऊ म्हणाले, "सगळ्यांचाच जीव मोलाचा आहे, मग एकाच जातीचं नाव कशाला घ्यायचं?" मी ही घोषणा मराठीत कशी म्हणावी याचा विचार करत होतो, आणि दोन वाक्ये कागदावर लिहिली. 'काळ्यांच्याच जिवाला मोल आहे.' 'काळ्यांच्याही जिवाला मोल आहे.' इंग्रजी घोषणेत हा प्रत्यय उघड नाही. म्हणणारा 'ही' म्हणतो आणि ऐकणारा 'च' ऐकतो. भांडण एका अक्षराचे आहे.

गटातल्या एका ताईंनी मग जे सांगितले ते त्या भाऊंना माझ्या व्याकरणापेक्षा जास्त लागले. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात पाण्याच्या पाळीचा विषय काढला की मंडळीतलेच लोक म्हणायचे, ख्रिस्तात जात नाही. वचन खरंच आहे. पण ते आम्हाला गप्प करायलाच काढलं जायचं." बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातले ते वाक्य आम्ही सगळ्यांनी तसे वापरलेले ऐकले आहे. खरे वाक्य चुकीच्या वेळी उच्चारले की ते दार लावून घ्यायच्या कामी येते. 'सर्व जीव मोलाचे' हे वाक्य अमेरिकेत २०२० च्या जूनमध्ये तेच काम करत होते.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना हा विषय परका म्हणायची सोय नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईतल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले ते अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षावरून. आणि आमच्या जिल्ह्यात सुवार्ता आणणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची मूळ संस्था बॉस्टनची अमेरिकन बोर्ड. गुलामगिरीच्या प्रश्नावर ती स्पष्ट बोलत नाही आणि गुलामांच्या मालकांच्या देणग्या घेते, म्हणून गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती लोकांनी १८४६ मध्ये वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. म्हणजे माझ्या आजोबांच्या गावी शाळा बांधणाऱ्यांच्या घरात हेच भांडण झाले होते, आणि पुष्कळ भल्या माणसांनी मौन धरले होते. शिवाय आम्ही इथे राहतो ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे. नागरी हक्कांच्या लढ्याने देशाची हवा बदलली नसती तर तो कायदा त्या रूपात आला नसता. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या उघडलेल्या दारातून आम्ही आलो.

पहिला निर्णय, जो चुकला

३ जूनच्या सभेत आम्ही दोन तास बोललो आणि सगळ्यांना पटेल असे वाक्य शोधले. फळ्यावर लावले: 'प्रत्येक जीव मोलाचा. देव सर्वांवर प्रीती करतो.' शास्त्राप्रमाणे त्यात खोट काढता येणार नाही. मी हात वर केला होता, हे नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी उत्तर मिनियापोलिसच्या त्या मंडळीच्या पाळकांचा आमच्या पाळकांना फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, "माझ्या मंडळीतल्या एका आजींनी तुमच्या फळ्याचा फोटो मला पाठवला आहे. त्यांनी विचारलंय, या लोकांबरोबर आपण गेल्या वर्षी गाणी म्हटली तेच का हे?" मग त्यांनी एक साधी गोष्ट विचारली. २०१६ च्या जुलैत फाल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टिल या शाळेच्या उपाहारगृहातल्या कर्मचाऱ्याला पोलिसाने गाडीत गोळी घातली, तेव्हा तुमच्या फळ्यावर काय होते? आमच्या पाळकांनी जुन्या नोंदी काढल्या. उन्हाळी बायबल शाळेची जाहिरात होती.

चार दिवसांनी ते वाक्य आम्ही उतरवले. फळा रिकामा ठेवला. रिकाम्या फळ्याचाही लोकांनी अर्थ लावला, पण तो निदान खोटा धीर देत नव्हता.

तोललेले पर्याय

पुढचे तीन आठवडे वडीलजनांनी खऱ्या अर्थाने बसून विचार केला.

मौन आणि प्रार्थना हा एक पर्याय होता. पोलिसाच्या घरावर आघात होणार नाही, हा त्याचा मोठा आधार. पण त्याच सभेतल्या कोणी जानेवारीत असे मौन कधी सुचवले नव्हते.

संघटनेचे चिन्ह, हॅशटॅग आणि देणगी यांसह पूर्ण पाठिंबा, हा दुसरा. तरुणांनाही तो नको होता.

तिसरा, घोषणा टाळून फक्त वचन लावायचे, आमोस ५:२४ (न्याय पाण्याच्या प्रवाहासारखा वाहो) किंवा उत्पत्ती १:२७ (देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला). हा मला बराच काळ पटत होता. मग जाणवले की वचनाच्या आड उभे राहून आम्ही नाव घ्यायचे चुकवत होतो. कोणाचे प्रतिरूप, कोणाचा न्याय, हे वाचणाऱ्याने आपल्या सोयीने भरून घ्यावे अशी ती रचना होती.

चौथा, घोषणेचे तीन शब्द वचनासह लावायचे, संघटनेशी संबंध नाही हे पत्रातून सांगायचे. त्याच जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या मोठ्या संघाचे तेव्हाचे अध्यक्ष जे. डी. ग्रीअर यांनी साधारण हीच वाट धरली होती: वाक्य खरे आहे, ते ख्रिस्ती माणसाने म्हणावे, संघटनेची धोरणे मान्य नसली तरी. ही संस्था १८४५ मध्ये गुलाममालकांच्या बाजूने फुटून निघाली होती, आणि त्याबद्दलची माफी तिने १९९५ मध्ये मागितली. तिच्या अध्यक्षाने हे बोलावे, याचे आमच्या जुन्या सभासदांवर वजन पडले.

पाचवा पर्याय त्या कृष्णवर्णीय पाळकांकडून आला. आम्ही त्यांना झूमवर बोलावले होते. आमची अपेक्षा होती की ते शब्द सुचवतील. त्यांनी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडायला सांगितला. यरुशलेममध्ये ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकूर सुरू झाली की रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषित असे म्हणाले नाहीत की देवाला सगळ्याच विधवा प्रिय आहेत. उपेक्षा कोणाची झाली हे मान्य करून त्यांनी सात माणसे निवडली. पाळक म्हणाले, "नावं वाचा." आम्ही वाचली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्या हाती वाढपाचा डाव दिला गेला. "फळा तुमचा आहे, हवा तो लावा," ते म्हणाले. "डाव कोणाच्या हातात आहे, ते मला सांगा."

मी हा अध्याय लहानपणापासून ऐकत आलोय, पण नावांकडे कधी पाहिले नव्हते.

निर्णयाला वळण देणारी बाई

तरीही मते पाच विरुद्ध चार अशी अडकली होती. ती हलली ती एका आईमुळे.

ही बाई गर्भवती-साह्य केंद्रात बारा वर्षे स्वयंसेविका होती. दुधाच्या बाटल्यांची मोहीम तीच चालवायची. दोन्ही बाजूंचा तिच्यावर विश्वास होता. तिचा दत्तक मुलगा कृष्णवर्णीय, तेव्हा सोळा वर्षांचा. २७ जूनच्या खुल्या सभेत तिने सांगितले, आणि मी ते लिहून ठेवले आहे: "हा पोटात होता तेव्हा याच्या जन्मदात्या आईसाठी आपण सगळ्यांनी इथं प्रार्थना केली. नाव माहीत नसताना केली. आता तो सहा फूट उंच आहे. रात्री दुकानात जाताना मी त्याला टोपीचा सदरा काढायला लावते, हात खिशात घालू नको सांगते. मला एवढंच कळू दे. त्याच्या जिवाचं मोल कोणत्या वयापर्यंत आपल्या फळ्यावर बसतं?"

झूमवर कोणी बोलले नाही. गर्भपाताचा प्रतिप्रश्न करणारे वडील बराच वेळ कॅमेरा बंद करून बसले. मग त्यांनी स्वतःहून सांगितले की आपण तो मुद्दा बाळांसाठी काढला नव्हता, समोरच्याला गप्प करायला काढला होता. त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

असुरक्षित जिवाची बाजू घेणे हे एकच काम आहे, हे तिने दाखवले. नीतिसूत्रे ३१:८ मध्ये मुक्यांच्या वतीने तोंड उघडायला सांगितले आहे. गर्भातले बाळ बोलू शकत नाही. मानेवर गुडघा असलेला माणूसही बोलू शकत नाही. लूक १५ मधला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे टाकून हरवलेल्या एकामागे जातो तो नव्याण्णवांची किंमत कमी म्हणून नव्हे. हरवलेले एकच आहे, म्हणून. मेम्फिसमध्ये फेब्रुवारी १९६८ च्या पहिल्या तारखेला पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडले गेले. त्यानंतरच्या संपात कामगारांनी गळ्यात पाट्या अडकवल्या: 'मी माणूस आहे.' सगळी माणसे माणसेच असतात, हे त्या पाटीला उत्तर होऊ शकत नाही. शंका त्यांच्याविषयीच घेतली जात होती.

काय केले

५ जुलैला फळ्यावर तीन शब्द आणि खाली उत्पत्ती १:२७ लागले. मते सात विरुद्ध दोन. विरोधातले दोघेही मंडळी सोडून गेले नाहीत.

पोलिसाच्या घरी पाळक आणि मी फळा लावण्याच्या आदल्या संध्याकाळी गेलो. अंगणात सहा फुटांवर खुर्च्या टाकून बसलो. तो म्हणाला, "त्या व्हिडिओतलं मी कधीच केलं नसतं. पण मी ते थांबवलं असतं का, हा प्रश्न मला झोपू देत नाही." त्याला फळा आवडला नाही. त्याने तसे स्पष्ट सांगितले. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली, फळा न बदलता.

सगळ्या सभासदांना पत्र गेले. त्याविषयी पुढे बोलतो.

खरे काम गर्भवती-साह्य केंद्राच्या खर्चात झाले. राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राच्या आकड्यांप्रमाणे २०२० मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांमध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५५.३ मृत्यू झाले, गोऱ्या मातांमध्ये १९.१. कृष्णवर्णीय बाळांचा मृत्युदरही गोऱ्या बाळांच्या दुपटीहून जास्त असतो. ज्या मंडळीने वर्षानुवर्षे बाळाला जन्म दे म्हणून सांगितले, तिने बाळंतपणात मरणाऱ्या आईकडे पाहिले नव्हते. बाटल्यांतून जमणाऱ्या पैशांचा निम्मा भाग उत्तर मिनियापोलिसच्या मंडळीकडे द्यायचे ठरले. खर्च कशावर करायचा हे तिथल्या बायका ठरवणार. हिशेब त्या ठेवणार, आम्ही मागणार नाही. यावर फळ्यापेक्षा जास्त वाद झाला. पैसे द्यायला लोक तयार होते, डाव सोडायला नव्हते.

त्या बायकांनी आमच्या कल्पनेतले काही मागितले नाही. आम्हाला वाटले होते पाळणे, कपडे. त्यांनी पैसे लावले ते बाळंतपणात सोबत राहून डॉक्टरांशी बोलणाऱ्या प्रशिक्षित बायांच्या मानधनावर आणि तपासणीला जायच्या गाडीखर्चावर. "कळा येताहेत असं काळी बाई सांगते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवणारं कोणीतरी खोलीत हवं," असे त्यांच्यातल्या एका परिचारिकेने सांगितले.

काय झाले

वर्षभरात नऊ कुटुंबे गेली. दोन पुढे परत आली. दानपेटीवर परिणाम झाला. एका रात्री कोणीतरी फळ्याची काच फोडून पहिल्या शब्दाची अक्षरे काढून नेली. सकाळी फळ्यावर उरले होते 'लाइव्ह्ज मॅटर'. तरुणांनी पुठ्ठ्याची अक्षरे कापून शब्द पुरा केला.

११ एप्रिल २०२१ रोजी, शॉविनचा खटला चालू असताना, ब्रुकलिन सेंटरमध्ये डॉन्टे राइट हा वीस वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. या वेळी आम्ही फळ्याला हात लावण्याआधी फोन केला. तिकडून सांगितले, लंगोट, बाळांचे दूध आणि औषधे पाठवा. ते पाठवले. २० एप्रिलला निकाल आला, शॉविन दोषी ठरला, तेव्हा दोन्ही मंडळ्या त्यांच्या मंदिराच्या वाहनतळावर एकत्र उभ्या होत्या. आनंद म्हणता येईल असे काही नव्हते. एका आजींनी, बहुधा त्याच फोटो पाठवणाऱ्या, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सगळे जुळले असे सांगणे खोटे ठरेल. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रो निकाल रद्द केला. आमच्यातल्या अनेकांनी उपकारस्तुती केली. त्यांच्यातल्या अनेक बायका घाबरल्या, कारण गुंतागुंतीच्या बाळंतपणात आधी कोणाचे ऐकले जात नाही हे त्यांना ठाऊक होते. एक बैठक झाली, कडू झाली. संयुक्त निवेदन काढायचे नाही असे ठरले. मिनेसोटात गर्भपात कायदेशीरच राहिला आणि वादही राहिला. तपासणीच्या गाड्यांचा खर्च मात्र त्या महिन्यातही चालू होता. माझे स्वतःचे मत बदलले नाही. गर्भातला जीव देवाचा आहे, असे मी आजही मानतो. पण त्या आईच्या जिवाची किंमत मोजून मी ते म्हणू शकत नाही, हे मी त्या बैठकीत शिकलो.

आज पुन्हा करायचे तर

पहिली गोष्ट, फोन आधी. ३ जूनला आमच्यापैकी एकानेही त्या पाळकांना विचारले नाही. ज्यांच्या दुःखाविषयी फळा लावायचा होता ते आम्हाला आठवले नाहीत. वडीलजनांच्या सभेत एकटा बिगरगोरा म्हणून मी ते सुचवायला हवे होते. मी गप्प राहिलो, कारण आठ माणसांनी मला आपल्यातला मानलेले मला आवडत होते.

दुसरी, ते पत्र. त्याचा मसुदा मी केला. नंतर मोजले तर आम्ही संघटनेशी कसे सहमत नाही यावर तीन परिच्छेद होते, आणि फ्लॉइड यांच्यावर चार ओळी. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डात त्यांनी ख्रिस्ती सेवाकार्यात हातभार लावला होता, म्हणजे ते आमच्या विश्वासाचे भाऊ होते. हे त्या पत्रात आलेच नाही. आपली बाजू सांभाळण्याची भीती शोकापेक्षा मोठी झाली होती.

तिसरी, त्या आईला बोलावे लागायला नको होते. सोळा वर्षांच्या मुलाची भीती दीडशे चेहऱ्यांसमोर उघडी करून तिने आमचे मत विकत घेतले. मुलगाही ऐकत होता. आधीच्या तीन आठवड्यांत आम्ही तिच्या घरी जायला हवे होते, जसे पोलिसाच्या घरी गेलो.

चौथीवर अजून एकमत नाही. काहींना वाटते की फळा न लावता थेट डाव सोपवला असता तर नऊ कुटुंबे गेली नसती आणि काम तेवढेच झाले असते. मला तसे वाटत नाही. नाव घेतल्याशिवाय पैशांचा निम्मा हिस्सा द्यायला सभा तयार झाली असती, यावर माझा विश्वास नाही. पण जे गेले त्यांच्यातल्या एका घरी माझ्या मुलीचा बाप्तिस्मा साजरा झाला होता, आणि त्यांच्याशी या विषयावर मी अजून बोललेलो नाही.

जानेवारीत आता रविवार आणि सोमवार दोन्हींचा फळा लागतो. अक्षरांच्या पेटीत पुठ्ठ्याची ती अक्षरे अजून ठेवली आहेत. नवी काच बसवताना दाराच्या आतल्या बाजूला, अक्षरे लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल असा, उत्तर मिनियापोलिसच्या पाळकांचा फोन नंबर चिकटवला आहे.